पद्मिनीच्या तळाचा पत्रा गंजून खचला आहे. वरून पत्रा मारावा की कापून नवा बसवावा?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

नमस्कार. वडिलांनी १९८६ साली नवी घेतलेली प्रीमिअर पद्मिनी आमच्या घरी अजून आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात ती अंगणातच होती आणि पाणी आसनांच्या वर गेले होते. पाणी ओसरल्यावर इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचे तेल बदलले, वायरिंग नवे केले, आतला गाळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढला, खाली नवे फेल्ट आणि त्यावर रबरी मॅट घातली. त्यानंतर गाडी चांगली चालली, म्हणून मॅट पुन्हा कधी उचलून पाहिली नाही.

गेल्या महिन्यात ब्रेक दाबताना टाचेखालचा पत्रा दबल्यासारखा वाटला. मॅट काढली तर फेल्ट ओले होते आणि त्याखाली तळहाताएवढ्या भागातला पत्रा पापडासारखा सुटून आला. त्या भोकातून आता अंगणातली फरशी दिसते. चालकाच्या बाजूला दाराच्या उंबऱ्यालगत एक हात लांबीची पट्टी स्क्रूड्रायव्हरने दाबली असता आत जाते. डाव्या बाजूला भोक नाही, परंतु रंग फुगला आहे. उजव्या दाराखालच्या पोकळ पेटीवर बोटाने वाजवले की बद्द आवाज येतो.

तीन ठिकाणी दाखवले आणि तीन निराळी उत्तरे मिळाली. एका गॅरेजने सांगितले की सडका पत्रा तसाच ठेवून त्यावर नवा पत्रा रिव्हेट करू आणि खालून डांबर मारू, दोन दिवसांत गाडी घेऊन जा. दुसऱ्यांनी फायबर आणि रेझिनचा थर सुचवला. तिसऱ्यांचे म्हणणे असे पडले की या गाडीवर खर्च करण्यात अर्थ नाही. वडील आता ऐंशीच्या घरात आहेत आणि या गाडीत बसून त्यांना गणपतीपुळ्याला जायचे आहे, त्यामुळे तिसरा सल्ला मी विचारात घेतलेला नाही. पहिल्या दोनपैकी एखादा मार्ग टिकाऊ आहे का, की पत्रा कापून नवाच बसवावा लागेल? आणि कापायचा ठरल्यास गाडीचा आकार बिघडू नये म्हणून कोणती काळजी घ्यावी? पुढच्या पावसाळ्यापूर्वी काम पुरे करण्याचा विचार आहे.

तुळई आणि ताण, पुणे

माझा व्यवसाय बांधकामाच्या संरचनेचा आहे आणि जुन्या गाड्या हा छंद आहे, म्हणून फक्त पहिल्या दोन सल्ल्यांविषयी लिहितो.

आपली पद्मिनी ज्या गाडीच्या वंशातली आहे ती फियाट ११०० ही १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात नव्या रूपात आली, तेव्हाच तिची वेगळी चासी गेलेली होती. जुन्या जीपला खाली शिडीसारखा सांगाडा असतो आणि वरची बॉडी त्यावर नुसती बसवलेली असते. तिथे तळाचा पत्रा सडला तर पाय ओले होतात, पण गाडीच्या ताकदीला फारसा धक्का लागत नाही. पद्मिनीत तसा सांगाडा नाही. दोन्ही दारांखालच्या पेट्या, मधला प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) उंचवटा आणि पुढची-मागची आडवी तुळई ही तिची हाडे असून, तळाचा पत्रा त्या सर्वांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवतो. खड्ड्यात एक चाक खाली गेले की गाडीला जो पीळ बसतो, तो हा पत्रा आपल्या प्रतलात पेलतो. त्यासाठी तो चारही कडांनी अखंड जोडलेला असावा लागतो. रिव्हेट मारलेले ठिगळ मूळच्या सडक्या पत्र्यालाच धरून असते आणि तो पत्रा रोज थोडा थोडा झिजत असतो, त्यामुळे वर्षभरात रिव्हेट शाबूत आणि तिच्याभोवतीचा पत्रा नाहीसा, अशी अवस्था येते. फायबरचा थर पाणी अडवेल, परंतु गंजलेल्या पृष्ठभागावर रेझिन धरत नाही आणि त्याच्या खाली अडकलेला ओलावा गंज पुढे चालू ठेवतो. दोन्ही उपायांत भोक दिसेनासे होते आणि दोष आत वाढत राहतो.

एक साधी तपासणी घरीच करता येईल. गाडी सपाट जागी उभी करून चारही दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा. मग पुढचे उजवे चाक जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकेच जॅकने उचला. जॅक सडलेल्या उंबऱ्याखाली न लावता सस्पेन्शनच्या भक्कम भागाखाली लावा. त्या स्थितीत उजवे पुढचे दार उघडून पुन्हा लावून पाहा. दार घासू लागले किंवा फट दोन-तीन मि.मी.ने बदलली, तर दाराखालची पेटीही कमकुवत झाली आहे असे समजा, आणि मग काम फक्त तळाच्या पत्र्याचे राहणार नाही.

पत्राकाम, कोल्हापूर

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. पत्र्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि पुरातून निघालेल्या गाड्याही हाताखालून गेल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी गंज कोठवर गेला आहे ते ठरवा, कारण डोळ्यांना दिसणारे भोक हे नेहमीच खऱ्या नुकसानापेक्षा लहान असते. आसने, मॅट, फेल्ट सगळे बाहेर काढा. मूळ पत्र्यावर आवाज कमी करण्यासाठी डांबरी पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्याही काढाव्या लागतात. गरम हवेच्या गनने त्या मऊ करून रुंद पात्याच्या खुरपणीने खरवडल्या की सुटतात. पद्मिनीत सगळ्यात वाईट गंज बहुधा याच पट्ट्यांखाली सापडतो, कारण एक कड सुटली की पाणी आत जाते आणि परत येत नाही. त्यानंतर ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पत्रा साफ करा आणि लहान हातोडीच्या टोकाने दर इंचावर हलके वाजवत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, पातळ झालेला बद्द वाजतो आणि हातोडीचा ठसा घेतो. जिथे ठसा उठला तिथे खडूने रेघ मारा. ही रेघ मूळ भोकाच्या तिप्पट-चौपट मोठी निघाली तरी घाबरून जाऊ नका.

दाराखालच्या पेटीचा बद्द आवाज मला अधिक चिंतेचा वाटतो. पुराचा गाळ त्या पेटीत शिरतो आणि फवाऱ्याने आतली गाडी कितीही धुतली तरी तो निघत नाही. उलट पाणी मारल्याने तो तळाशी बसून निचऱ्याची भोके बुजवतो. कोकणात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळाभर हवेतली आर्द्रता उतरत नाही, त्यामुळे असा गाळ चार चार महिने ओला राहतो. पेटीच्या खालची निचऱ्याची भोके तारेने मोकळी करा. त्यातून लाल माती आली तर पेटीची आतली बाजू सडलेली आहे हे धरूनच चाला.

आता कापण्याविषयी. पेटी आणि तळ दोन्ही करायचे असतील, तर कटिंग व्हील हातात घेण्यापूर्वी गाडीला आधार द्या. गाडी चारही ठिकाणी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी जॅक स्टँडवर, उचला, घोड्या सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडले आहे त्या भागाखाली लावा, आणि मधला भाग खाली झुकलेला नाही याची पाणीपातळीने खात्री करा. इंजिन व मागची टाकी जागेवर असताना मधल्या एकाच ठिकाणी जॅक लावून पेटी कापली, तर गाडी दोन्ही टोकांना खाली वाकते आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. दाराच्या चौकटीत, बिजागऱ्यांच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, एक इंची चौकोनी पाइपचे दोन आडवे व एक तिरका असे तुकडे टाके देऊन बसवा. मोजमापासाठी मी अजूनही ओळंबा वापरतो. गाडीच्या खालच्या पक्क्या बिंदूंवरून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करायच्या, आणि समोरासमोरच्या खुणांमधली कर्णांची अंतरे लिहून ठेवायची. काम झाल्यावर तेच आकडे पुन्हा आले पाहिजेत, दोन-तीन मि.मी.चा फरक चालतो, दहा मि.मी.चा चालत नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही उघडू नका. उजवी बाजू पूर्ण जोडून झाल्याशिवाय डावीला हात लावायचा नाही.

पत्रा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला साधा पोलादी घ्यावा, गॅल्व्हनाइज्ड नको. जस्ताचा थर असलेला पत्रा वेल्ड करताना निघणाऱ्या धुराने ताप भरतो, आणि जोडाजवळचा थर तर जळूनच जातो, मग त्याचा उपयोग काय? सपाट भागासाठी १ मि.मी. जाडी पुरेशी आहे. आसनाचे बोल्ट येतात तिथे आणि आडव्या तुळईला १.२ मि.मी., म्हणजे बाजारात ज्याला १८ गेज म्हणतात तो घ्या. आठ फूट बाय चार फुटांचा १ मि.मी. पत्रा सुमारे साडेतेवीस किलो भरतो आणि एवढ्या एका शीटमध्ये तुमच्या दोन्ही बाजूंचे काम होऊन पत्रा उरेल. मूळ पत्र्यापेक्षा फार जाड पत्रा वापरण्याचा मोह टाळा. जाड आणि पातळ पत्रा एकत्र वेल्ड करताना उष्णता सारखी लागत नाही, पातळ बाजूला भोक पडते.

तळाच्या पत्र्यावर कारखान्यात दाबून काढलेल्या पन्हळी असतात. त्या केवळ दिसण्यासाठी नसतात. सपाट पत्रा पायाखाली डबडब वाजतो आणि वाकतो, पन्हळीमुळे तो ताठ राहतो. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून जागेवर बसवून पाहा, त्यावर पन्हळींच्या रेषा काढा, आणि मग पत्र्यावर उतरवा. आमच्या शिवाजी उद्यमनगरात पत्र्याला पन्हळ पाडून देणारे कारागीर आहेत; आपल्याकडे तशी सोय नसेल तर सागाच्या ओंडक्यात खाच पाडून त्यावर पत्रा ठेवायचा आणि १० मि.मी.ची गोल सळई हातोडीने ठोकत न्यायची. वेळ लागतो, पण पन्हळ चांगली येते. कापण्याच्या रेषेचे कोपरे काटकोनात न ठेवता गोल ठेवा, कारण काटकोनाच्या टोकाशी ताण साठतो आणि पुढे तिथूनच तडा जातो.

वेल्डिंग सीओटूवर, म्हणजे मिग यंत्रावर करावे, ०.८ मि.मी. तार आणि शक्यतो आर्गॉन व कार्बन डायऑक्साइडचा मिश्र वायू. जोड दोन प्रकारे करता येतो. कडेला कड भिडवून केलेला जोड सर्वांत स्वच्छ, पण मध्ये सर्वत्र १ मि.मी.ची सारखी फट लागते आणि हात बसलेला असावा लागतो. दुसरा प्रकार म्हणजे १२ ते १५ मि.मी. पत्रा एकमेकांवर चढवणे. वरच्या पत्र्याला दर ३० मि.मी.वर ६ मि.मी.ची भोके पाडायची आणि ती वेल्डने भरायची, शिवाय कडेने शिवण घ्यायची. चढवलेल्या भागातील दोन्ही पृष्ठभागांवर वेल्डिंगला चालणारे जस्ताचे प्रायमर आधी मारा, कारण नंतर तिथे ब्रश पोहोचणार नाही. सलग रेघ कधीच ओढू नका. एक टाका इथे, दुसरा विरुद्ध टोकाला, तिसरा मध्ये, असे करत जायचे आणि मधल्या वेळात पत्र्याला उघडा हात लावता येईल इतका तो थंड होऊ द्यायचा. घाई केली की पत्रा फुगतो, आणि एकदा फुगलेला पत्रा पुन्हा बसवणे हे नव्याने करण्याहून कठीण आहे.

आगीविषयी मी प्रत्येकाला सांगतो, म्हणून आपल्यालाही सांगतो. पेट्रोलची नळी तळाखालूनच पुढे जाते. टाकी व नळी दोन्ही काढून दूर ठेवा, ब्रेकची नळी बाजूला घ्या, बॅटरीची दोन्ही टोके सोडा. दुसरा माणूस ओली पोती आणि पावडरचा अग्निशामक घेऊन विरुद्ध बाजूला उभा असला पाहिजे. पत्र्याच्या ज्या बाजूला वेल्डर पाहत नाही, त्या बाजूचे डांबर पेटते. काम थांबवल्यावर अर्धा तास गाडी सोडून जाऊ नका. आणखी एक, पत्रा पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरू नका. वेल्डिंगच्या ज्वाळेत त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. थिनरने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

जुनी हातोडी, सातारा

एक निराळा अनुभव नोंदवतो. सीओटू यंत्र नव्हते त्या काळात आम्ही सर्व तळ गॅस वेल्डिंगनेच करत होतो आणि त्यातल्या काही गाड्या आजही धावत आहेत. गॅसचा जोड मऊ राहतो, त्यावर हातोडी चालते आणि शिवण ठोकून सपाट करता येते. मिगचा जोड कडक असतो आणि ग्राइंडरनेच उतरवावा लागतो. तेव्हा गावात गॅसचा उत्तम कारागीर असेल आणि सीओटूवाला नवशिका असेल, तर मी गॅसवाल्याकडे जाईन. मात्र पितळ घालून झाळलेला जोड तळाला अजिबात नको, तो पीळ सहन करत नाही.

पत्राकाम, कोल्हापूर

आपले म्हणणे लहान ठिगळासाठी मला मान्य आहे. परंतु येथे एक हात लांबीची कड जोडायची आहे आणि गॅसची उष्णता बरीच दूरवर पसरते. पेटीच्या आतला जुना रंग आणि थर जळून तिथे नवा गंज सुरू होतो, जो आपल्याला दिसतही नाही. ही एक गोष्ट सोडली तर कारागिराचा हात यंत्रापेक्षा महत्त्वाचा आहे, हे खरेच आहे. चिपळूणच्या सदस्यांना माझी विनंती आहे की काम देण्यापूर्वी १ मि.मी. पत्र्याचे दोन तुकडे जोडून दाखवायला सांगा आणि तो जोड पक्कडीने वाकवून पाहा. जोड फाटण्याऐवजी शेजारचा पत्रा फाटला, तर कारागीर योग्य आहे.

सांगलीचा, सध्या लेस्टर

इथे इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गंजलेले तळ हा येथील वार्षिक तपासणीतला नेहमीचा विषय आहे. त्यातला एक नियम आपल्याला उपयोगी पडेल असे वाटते. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक किंवा सीटबेल्ट जिथे बॉडीला जोडलेले असतात, त्या प्रत्येक जागेपासून ३० सेंमी अंतरात संरचनेचा पत्रा गंजून कमकुवत झालेला असेल तर गाडी नापास होते, आणि त्या भागातले ठिगळ रिव्हेट, फायबर किंवा झाळकाम करून लावलेले असेल तर ते मान्य होत नाही. कडेने सलग वेल्डिंग हवे. भारतात हा नियम लागू नाही. तरीही कापण्याची रेषा आखताना सीटबेल्टच्या बोल्टपासून ३० सेंमीचे वर्तुळ खडूने काढून पाहावे. त्या वर्तुळाच्या आत पातळ पत्रा शिल्लक ठेवू नये.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी सांगितल्याप्रमाणे सगळे उघडले. जॅकवर उचलल्यावर उजव्या दाराची फट मागच्या बाजूला ४ मि.मी. होती ती २ मि.मी. झाली. पेटीखालची भोके मोकळी केली तेव्हा आधी थोडे पाणी आणि मग सुमारे दोन ओंजळी लाल गाळ निघाला. चार वर्षांहून अधिक काळ तो आत होता हे पाहून फार वाईट वाटले, कारण गाडी वाचवली असे आम्ही सगळ्यांना सांगत होतो.

खडूची रेघ चालकाच्या बाजूला ६० बाय ४५ सेंमी निघाली. तिच्यात आसनाच्या रुळाचे बाहेरचे दोन्ही बोल्ट येतात. डाव्या बाजूला पत्रा वाजतो, ठसा उठत नाही, फक्त खड्डे पडले आहेत. खेर्डीच्या एका कारागिराने आपण सांगितलेली पक्कडीची परीक्षा दिली आणि शेजारचा पत्रा फाटला, त्यामुळे काम त्यांनाच दिले आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आसनाच्या बोल्टखाली नुसता १.२ मि.मी. पत्रा पुरेल का? आणि डाव्या बाजूच्या खड्ड्यांवर गंज बदलणारे रसायन लावून भागेल का? आमच्याकडे पावसाळ्यापूर्वी तळाला जळके ऑइल फवारण्याची पद्धत आहे, तेही यंदा करावे का?

पत्राकाम, कोल्हापूर

बोल्टखाली नुसता पत्रा पुरणार नाही. जोरात ब्रेक लागला की माणसाचे वजन आणि आसनाचे वजन पुढे ओढते, तो भार या बोल्टवर येतो. ३ मि.मी. जाडीच्या पट्टीचे ७५ मि.मी. चौरस तुकडे कापा, कोपरे गोल करा, मध्ये नट वेल्ड करा आणि ते पत्र्याच्या खालच्या बाजूने बसवा, म्हणजे बोल्ट ताणला गेला तरी तुकडा पत्र्यावर खालून दाबला जाईल. भोकांची जागा ठरवण्यासाठी आसन प्रत्यक्ष ठेवून, रूळ पुढे-मागे सरकवून खूण करा. डाव्या रुळाला समांतर नसलेला उजवा रूळ अडकत राहतो आणि मग ते दुरुस्त करायला पुन्हा सगळे उघडावे लागते.

डाव्या बाजूला पत्रा ठणठणीत असेल तर कापू नका. खड्ड्यांतला गंज वाळूचा फवारा मारून काढता आला तर सर्वोत्तम. तो नसेल तर तारेच्या ब्रशने शक्य तितका काढा आणि मग फॉस्फोरिक आम्ल असलेले रसायन लावा. ते गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करते. पण त्याचा परिणाम पातळ थरावरच होतो, सुटलेल्या पापुद्र्यावर होत नाही, आणि शिल्लक आम्ल त्याच्या डब्यावर सांगितल्याप्रमाणे काढून टाकले नाही तर वरचा रंग सुटतो. वेल्ड करायच्या कडेवर ते लावू नका.

थरांचा क्रम असा ठेवा. उघड्या पत्र्यावर दोन भागांचे एपॉक्सी प्रायमर, ते वाळल्यावर सर्व जोडांवर वरून आणि खालून सीम सीलर (जोडाची फट बुजवणारा लेप), त्यावर पुन्हा प्रायमर किंवा रंग, आणि खालच्या बाजूला दगडाचा मार सोसणारा लवचिक थर. नुसत्या रेड ऑक्साइड प्रायमरवर विसंबू नका, त्यातून ओल झिरपते. उघड्या पत्र्यावर सीम सीलर लावणे आणि डांबर थेट गंजावर मारणे, या दोन चुका मी सर्वांत जास्त पाहिल्या आहेत. डांबर कडक होऊन तडकते आणि पाणी त्या तड्यातून आत शिरून मागे राहते. वरून मात्र गाडी काळीभोर आणि निरोगी दिसते.

दाराखालच्या पेटीत आतून मेणाचा फवारा द्या, ज्याला कॅव्हिटी वॅक्स म्हणतात. वेल्डिंग आणि रंग सगळे संपल्यावरच द्या, कारण मेण पेटते. त्यानंतर निचऱ्याची भोके पुन्हा तारेने मोकळी करा.

जळके ऑइल मारू नये असे माझे मत आहे, जरी आमच्या वडिलांच्या पिढीने ते वर्षानुवर्षे मारले. वापरलेल्या तेलात आम्ले आणि काजळी असते, सस्पेन्शनचे रबर त्याने फुगते, त्यावर धूळ चिकटून ओली राहते, आणि पहिल्या पावसात ते आपल्याच अंगणात आणि पुढे विहिरीत उतरते.

तुळई आणि ताण, पुणे

एक गोष्ट राहून जाते आहे असे वाटते. पुराला साडेचार वर्षे होत आली आणि फेल्ट आत्ता ओले होते, म्हणजे पाणी अजून कोठून तरी आत येत आहे. नवा पत्रा बसवण्यापूर्वी ती वाट शोधली नाही तर हेच काम काही वर्षांनी पुन्हा करावे लागेल. पुढच्या काचेचे रबर, काचेखालच्या हवेच्या जाळीचा निचरा, पेडल व स्टिअरिंगचा दांडा जिथून आत येतो तिथले रबर, आणि दारांच्या तळाची भोके या चार जागा पाहा. आतल्या पत्र्यावर खडूची पूड पसरा आणि बाहेरून नळीने पाणी सोडा, पण खालून सुरुवात करून वर चढत जा. प्रत्येक जागेला दहा मिनिटे द्या. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळून सगळ्याच जागा दोषी वाटतात.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

उजवी पेटी आणि तळ पूर्ण झाले. पेटीची बाहेरची पट्टी कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात शोधली, मिळाली नाही, म्हणून इथेच १.२ मि.मी. पत्र्यातून वाकवून घेतली. ओळंब्याच्या कर्णांत १.५ मि.मी. फरक आला. जॅकवर उचलल्यावर दाराची फट आता ४ मि.मी.च राहते. आसनाच्या बोल्टखाली ३ मि.मी.चे तुकडे बसवले आहेत आणि रूळ हाताने सहज सरकतो.

खडूची पूड टाकून पाणी सोडले. दारे आणि पेडलचे रबर कोरडे राहिले. पुढच्या काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर पाणी आले तेव्हा सातव्या मिनिटाला डॅशबोर्डच्या मागून एक ओघळ निघाला आणि बरोबर चालकाच्या टाचेपाशी पूड भिजली. काच काढली तर रबराखालच्या चौकटीतही नखाएवढा गंज सापडला. तो साफ करून एपॉक्सी मारले आहे आणि नवे रबर मागवले आहे. ते येऊन बसेपर्यंत फेल्ट घालणार नाही, गाडी उघड्या तळानेच पडवीत उभी राहील.